पहिलं उत्तर

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मी वंशद्वेषी आहे का गं?" आणि मी "छे, काहीतरीच काय" म्हणून मोकळी झाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, तुला उत्तर दिलंच नाही, नुसती समजूत काढली. म्हणून हे पत्र.

तू सांगितलंस ते मला असं कळलं. तुमच्याकडे नवीन मुलगा रुजू झाला. तू त्याला विचारलंस, कुठला रे तू? त्याने ह्याच शहराचं नाव सांगितलं. तू हसून म्हणालीस, ते झालं रे, पण मूळचा कुठला? तो म्हणाला, "सांगितलं ना," आणि पुन्हा कामाकडे वळला. दिवसभर तुझ्याशी बोलला नाही. तुला ते लागलं. "माझाही रंग तोच आहे, माझंही नाव कुणाला धड घेता येत नाही. मी त्याला परकं कशाला करीन? मला तर आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं," असं तू म्हणालीस. तुझ्या मनात माया होती ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्याला ती दिसली नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असंही मला वाटत नाही.

मी ह्या देशात आले तेव्हा पहिले कित्येक महिने माझ्याशी कुणी बोलायचंच नाही. कागद मागायचे, सही मागायचे, पुढचा नंबर पुकारायचे. एक दिवस बस थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कुठून आलीस गं? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तिकडे आई आहे का, तिचा आवाज शेवटचा कधी ऐकलास? आणि मी उत्तर द्यायच्या आत त्या स्वतःच्या आजीबद्दल सांगू लागल्या. तीही अशीच बोटीने आली होती आणि मरेपर्यंत झोपेत आपल्या भाषेत बोलायची. बस आली, गेली, आम्ही दोघी तिथेच. त्या दिवशी मला कुणी 'कुठून आलीस' असं विचारलं नसतं, तर मी किती दिवस तशीच मुकी राहिले असते कोण जाणे. त्यामुळे हा प्रश्न मुळातच वंशद्वेषी आहे, तो तोंडातूनच काढू नये, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नव्याने आलेल्या माणसाला त्याच्या मागे राहिलेल्या जगाबद्दल कुणी विचारावं, ह्याची केवढी भूक असते ते मी भोगलं आहे.

पण हाच प्रश्न त्याच वर्षी एका घरमालकानेही विचारला. फोनवर खोली रिकामी होती. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्याने पहिलं वाक्य तेच उच्चारलं, कुठले तुम्ही? आणि उत्तर ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं त्याला आठवलं. मूळ देश बघून घर नाकारायला अमेरिकेतही आणि ब्रिटनमध्येही 1968 सालीच कायद्याने बंदी आली. पण घर गेलं म्हणणाऱ्याला खोटं कसं पाडणार? बाबा परतताना काही बोलले नाहीत. पुढे कित्येक वर्षं कुणी 'कुठले' म्हणून विचारलं की ते आधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे. त्या मुलाच्या घरातही असं एखादं बंद झालेलं दार असेल. तुला ते माहीत असायचं कारण नाही, पण ते नसेलच असंही धरून चालू नकोस.

आणि आणखी एक बघ. तुमच्याच विभागात दोन वर्षांपूर्वी परदेशातून आलेली एक गोरी मुलगी आहे, तूच मला सांगितलं होतंस. तिला कुणी विचारतं का मूळची कुठली म्हणून? ती खरोखर बाहेरून आलेली, आणि तिला कुणी हटकत नाही. हा मुलगा इथे जन्मला, आणि त्याला पहिल्याच दिवशी तपशील द्यावा लागला. तू मुद्दाम केलं नाहीस. तुझ्या डोळ्यांनी आधी रंग पाहिला आणि जिभेने प्रश्न केला, एवढंच. माझेही डोळे तसेच आहेत.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात जे झालं ते तुला आठवत असेल. स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी तिथे समारंभ होता. एन्गोझी फुलानी ह्या पीडित स्त्रियांसाठी संस्था चालवणाऱ्या बाई तिथे आल्या होत्या. दिवंगत राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या जुन्या मानकरी सखी लेडी सुसान हसी, वय 83, त्यांना विचारू लागल्या, कुठून आलात? फुलानींनी संस्थेचं नाव सांगितलं. नाही, तुम्ही कुठल्या? त्यांनी हॅकनी सांगितलं, लंडनमधलाच भाग. नाही, आफ्रिकेच्या कुठल्या भागातल्या? फुलानी म्हणाल्या, माहीत नाही, कुणी नोंदी ठेवल्याच नाहीत. तरी प्रश्न थांबेना. मी इथेच जन्मले, ब्रिटिश आहे, असं सांगितल्यावरही पुन्हा तेच, तुमची माणसं खरी कुठली? दुसऱ्याच दिवशी हसीबाईंनी पद सोडलं, आणि डिसेंबरमध्ये समोरासमोर बसून माफी मागितली. फुलानींनी ती स्वीकारली.

मला त्यातलं 'नोंदी ठेवल्याच नाहीत' हे विसरता येत नाही. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना बेड्या घालून जहाजातून आणलं, त्यांना 'तुमचं मूळ कुठलं' असं विचारायचं म्हणजे पुसून टाकलेलं पान वाचून दाखव म्हणण्यासारखं आहे. हसीबाईंच्या मनात वाईट होतं की नाही, ह्यावर तेव्हा लोक खूप भांडले. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटला नाही. पहिल्या 'कुठून आलात'मध्ये काहीच वावगं नव्हतं. समारंभात सगळेच एकमेकांना तेवढं विचारतात. प्रत्येक उत्तरानंतर आलेला तो 'नाही' बघ. माणूस स्वतःबद्दल सांगतो आहे आणि ऐकणारा म्हणतो आहे, नाही, हे तुझं उत्तर चालणार नाही.

'मूळचा' ह्या शब्दावरून लोकांची आयुष्यं उधळली गेली आहेत, बाळा. पंजाबमधून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात तिथल्या सैन्यात होते. तिथला नागरिकत्वाचा कायदा 1790 पासून 'गोऱ्या' माणसांसाठी होता, पुढे आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतलं, पण आशियातल्यांना नाही. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थिंड ह्यांना सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. ते दार पुन्हा उघडायला 1946 उजाडलं. थिंड ह्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही नागरिकत्वावर उठलं होतं, पण ते कोर्टात लढले आणि जिंकले. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? हा माणूस मूळचा कुठला! लगेच शोधायला लागले. म्हणजे ही ओढ माझ्यातही आहे, आणि तिची मला लाज वाटत नाही. दूर देशात आपलं नाव दिसलं की जीव हलतो. तुझाही तसाच हलला असणार.

2005 मध्ये सपना चेरियन आणि बेनुआ मोनँ ह्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांवर अभ्यास केला होता. तुम्ही इथले नाही असं त्यांना जाणवलं की ते आपल्याला अमेरिकेबद्दल किती ठाऊक आहे हे दाखवायला धडपडू लागत. ते वाचताना मला शाळेतली तू दिसलीस. राष्ट्रगीताची सगळी कडवी पाठ करून आलेली, वर्गात कुणालाच येत नव्हती तेवढी. मी तेव्हा कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले. ती कुणाला काय पटवून देत होती, हे मी विचारलं नाही.

आता तुमच्याकडच्या त्या नव्या मुलाचं. त्याच्याकडे जाऊन 'माझा हेतू चांगला होता' असं समजावत बसू नकोस, म्हणजे पुन्हा त्यालाच तुझी समजूत काढावी लागेल. 'तू सांगितलं होतंस, मी उगाच पुन्हा विचारलं, चुकलं माझं,' एवढंच म्हण. मग कामाचं बोल. तुला त्याच्याशी नातं जोडायचं असेल तर आधी स्वतःचं सांग. तुझी आई कुठून आली, तू कुठे वाढलीस, तुला काय सलतं. त्याला वाटलं तर तो सांगेल, नाही वाटलं तर नाही सांगणार. आणि एखादा खरंच नव्याने आलेला, घाबरलेला माणूस भेटला, तर त्याला जरूर विचार, आणि बस चुकली तरी ऐकून घे.

एक गोष्ट मात्र मला तुझ्याशी बोलायची आहे, फोनवर जमली नसती.

तू सहा वर्षांची होतीस. शाळेच्या फाटकाबाहेर एका मुलीच्या वडिलांनी तुला विचारलं, तू कुठली गं? तू आपल्या गल्लीचं नाव सांगितलंस, घराच्या नंबरासकट. ते हसले आणि म्हणाले, नाही नाही, खरी कुठली? तू माझ्याकडे बघितलंस. मी लगेच माझ्या देशाचं नाव सांगितलं. ज्या देशात तू तोवर एकदाच, तीन आठवडे गेली होतीस. त्यांना आनंद झाला, मलाही बरं वाटलं, कुणीतरी आपुलकीने विचारलं म्हणून. घरी येईपर्यंत तू गप्प होतीस. मला वाटलं, दमली असेल.

तुझं उत्तर त्या माणसाने नाकारलं, पण खोडलं मी. आणि परवा तू त्या मुलाला जे म्हणालीस, ते तू त्या फाटकापाशी शिकलीस की काय, असं मला सारखं वाटतं आहे. तुला तो दिवस आठवतो का? आठवत असेल तर तेव्हा काय वाटलं होतं ते मला सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई