‘पानी’ला लाल शाई कशाला?

महोदय,

रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी घरांतली मुले ‘पानी’, ‘डोला’ म्हणतात. शाळेत तसेच लिहितात आणि वही लाल होऊन परत येते. पण ‘पाणी’चे ‘पानी’ लिहिणारे मूल आणि ‘पणी’ लिहिणारे मूल यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. दुसऱ्याचा काना कच्चा आहे. पहिल्याने बोलतो ते चोख उतरवले आहे. ‘ण’ त्याच्या कानाला अजून वेगळा लागत नाही, एवढेच. शब्द दहादा लिहून तो लागणारही नाही. वही तपासताना या दोन चुकांच्या खुणा तरी निराळ्या असाव्यात.

अक्षरओळख ‘क ते ज्ञ’ अशी ओळीने न करता म, क, न, र आणि काना यांपासून करावी. नाक, कान, काम, मका, नाका हे शब्द लगेच वाचता येतात. ण आणि ळ थोडे मागाहून घ्यावेत, आणि त्याआधी कान तयार करावा. गाल–गाळ, वेल–वेळ यांची चित्रे मांडायची. जिभेचे टोक मागे वळून टाळूला कसे लागते ते एकदा दाखवायचे, मग तोंडापुढे वही धरून शब्द उच्चारायचा. मुलाने चित्रावर बोट ठेवायचे. ‘ण’साठी चित्रे जमत नाहीत. तिथे सन–सण म्हणून ‘एकच की वेगळे?’ एवढेच विचारावे. रोज पाच मिनिटे पुरतात. मूल चित्र चुकत असेल तोवर श्रुतलेखन घेऊच नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून भाषेचा इतिहास म्हणजे भाषणे आणि सनावळ्या झाला आहे. अलिबागजवळ आक्षीचा जुना मराठी शिलालेख असताना हे कशाला? प्रचलित वाचनानुसार तो शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा, काही अभ्यासक तो बराच नंतरचा मानतात. चौथीच्या वर्गात त्याचे छापील वाचन मोठ्या अक्षरांत लावावे आणि ‘कोंकणा’, ‘समुद्र’ शोधायला सांगावे. राजाच्या बिरुदात ‘पश्चिम’चे ‘पसीम’ झालेले मुलांना आपोआप सापडते. आजच्या लेखननियमांना शासनमान्यता १९६२ ची, त्यांत भर १९७२ ची, हे तिथेच सांगून टाकावे.

प्रत्यक्ष दगड दाखवायला नेल्यास अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू देऊ नये. त्याने दगड खराब होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.

– एक भाषाशिक्षक, अलिबाग