भिगवणच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी पहाटे कुंभारगावात आईला होडीत चढवताना माझी तारांबळ उडाली. तिचे गुडघे दुखतात. काठावर जाळी सोडवणाऱ्या दोन मावश्या न सांगता चिखलात उतरल्या आणि तिला अलगद बसवून गेल्या. नावं विचारायचीच राहिली!

होडीवाल्या दादांनी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसताच लांबूनच इंजिन बंद केलं. बांबूने होडी रेटत म्हणाले, "खाऊ द्या त्यांना निवांत." उजनी धरणाच्या उथळ पाण्यात माना उलट्या करून चिखल गाळणारा तो थवा आई अर्धा तास बघत होती. माझे फोटो हललेच, असो.

दुपारी कडबनवाडीच्या माळरानावर चिंकारे दाखवणारे गाइडदादा, पंक्चर काढायला मदत करणारे मेंढपाळ काका, तुमचेही मनापासून आभार. काका, तुमची पाण्याची बाटली आमच्याच गाडीत राहिलीय.