गांजाच्या नशेत गाडी चालवणाऱ्याचे काय?

गांजाचे सेवन गुन्हा मानू नये, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सेवन करणाऱ्याला तुरुंगात डांबू नये, हे पटते. पण तो गाडी चालवायला बसला तर काय, या प्रश्नाला लेखाने बगल दिली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले की गुन्हा ठरतो. अमली पदार्थांसाठी असा आकडाच नाही. चालकाचा वाहनावर ताबा राहणे शक्य नव्हते, हे सिद्ध करावे लागते. मुंबईच्या नाकाबंदीत वापरतात ते ब्रेथ अ‍ॅनालायझर गांजा ओळखत नाही. लघवीच्या चाचणीत कित्येक दिवसांपूर्वीचे सेवनही दिसते, म्हणजे आज पूर्ण शुद्धीत असलेलाही अडकायचा. (होळीच्या भांगेचे तर विचारूच नका!) रस्त्यावरच लाळेची चाचणी करण्याची तरतूद आधी व्हावी, सवलतीचे मग बोलू.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई