दाखवणाऱ्याला नाव असतं

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला किनारपट्टीच्या पुरातत्त्वावरचा पानभर लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. शिक्षिका होते, सवय जात नाही. ‘अभ्यासकांनी शोधून काढले’ हे शब्द लेखात सहा ठिकाणी आहेत. ‘एका स्थानिकाने दाखवले’ हे एकदाच, आणि त्या स्थानिकाला नाव नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसले.

लेखकाचा अभ्यास चांगला आहे, हे आधी मोकळेपणाने लिहिते. राजापूरच्या सड्यावरची, उघड्या कातळावर कोरलेली कातळशिल्पं, कशेळीचा तो अठरा मीटर लांबीचा हत्ती, गोव्यातलं गोपकपट्टणाचं जुनं बंदर, समुद्रतळाशी सापडलेली जहाजं, सगळं त्यांनी मन लावून सांगितलंय. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कातळशिल्पांची कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण गेलं, त्याचाही उल्लेख आहे. पण गोव्यातलं ते ठिकाण, कुशावती नदीकाठचं उसगळीमळ, १९९३ मध्ये अभ्यासकांना कळलं ते गावातल्या माणसांनी तिथवर नेऊन दाखवलं म्हणून. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर गुरं चारणाऱ्यांना ती चित्रं पिढ्यान् पिढ्या माहीत होती. जे माहीतच होतं, ते ‘शोधलं’ कसं? नोंदवलं म्हणा, मोजलं म्हणा, जगाला सांगितलं म्हणा. त्यात कुणाचंच श्रेय कमी होत नाही.

हे मला एवढं का लागतं, ते सांगते. माझे वडील, आमचे आबा, गवळी धनगर. खानापूरच्या रानात आमचा गवळीवाडा होता, सात घरांचा. पावसाळ्यात चार महिने कुणी तिकडे फिरकत नसे. मी नववीत असताना मे महिन्यात तिघे जण जीप घेऊन आले, जुन्या वाटा आणि जुने दगड बघायचेत म्हणाले. आबा त्यांच्याबरोबर चार दिवस हिंडले. म्हशी आईवर टाकून. घाटाकडे उतरणारी बैलांची जुनी वाट त्यांनी दाखवली, वाटेवरचं टाकं दाखवलं, आणि शेवटच्या दिवशी ओढ्याच्या वर, कुंभ्याच्या झाडाखाली असलेला आमचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, दाखवला.

त्या दिवशी मीही बरोबर होते. दगड कमरेएवढा. खालच्या पट्टीत गाई आणि त्यांच्यापुढे तलवार घेतलेला माणूस, मधल्या पट्टीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग. त्या साहेबांनी टेप लावला, वहीत लिहिलं, फोटो काढले. मग एकाने आबांना विचारलं, हा खालचा खळगा कसला? दगडाच्या पायाशी नारळाच्या करवंटीएवढा गुळगुळीत खळगा होता. आबा म्हणाले, “पहिलारू म्हस व्याली की पयला चीक हितं. मग घरात खरवस.” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्यो दगूड न्हवं पोरी, म्हातारा हाय आमचा.”

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मी पाहिलं, पेन हलत होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, तो अहवाल माझ्या हाती आला. चीक ओतण्याची प्रथा त्यात आहे, पूर्ण परिच्छेद आहे. आबांबद्दल एवढंच, की ‘एका अशिक्षित गुराख्याकडून माहिती मिळाली’. चार दिवस ज्याच्या घरचं ताक प्यायले, ज्याच्या भाकरीवर जेवले, त्याचं नाव विचारायला किती वेळ लागला असता? आणि आबा अशिक्षित होते म्हणजे काय? शाळेत गेले नव्हते. पण कोणत्या दगडावर कुठल्या महिन्यात तिरपं ऊन पडतं आणि कोरीव काम उठून दिसतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी त्या लोकांना मुद्दाम संध्याकाळी साडेपाचला तिथे नेलं होतं. दुपारी नेलं असतं तर फोटोत नुसता काळा दगड आला असता.

त्यानंतर दोन वर्षांनी तो वीरगळ ट्रॅक्टरमधून उचलून नेला. संरक्षणासाठी, असं सांगितलं. आबांना बोलावलं नाही, विचारलं नाही. ते म्हशी घेऊन परत आले तेव्हा झाडाखाली ओली माती आणि उकरलेला खड्डा होता. म्हातारपणी त्यांनी एकदा बघायचा हट्ट धरला म्हणून मी त्यांना तालुक्याच्या गाडीने, मग रिक्षाने, तो नेऊन ठेवला होता त्या जागी घेऊन गेले. दगड तिथल्या मागच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. वीराच्या छातीवर पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर घातलेला. खालची गाईंची पट्टी आणि तो खळगा सिमेंटमध्ये गाडला गेलेला. आबांनी बाटलीत दूध आणलं होतं. पहारेकऱ्याने ओतू दिलं नाही, डाग पडतात म्हणाला. त्याचा दोष नाही, त्याला तसं सांगितलेलं. बाटली तशीच परत आली. आबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आता लेखाबरोबरच्या नकाशाकडे येते. तो नकाशा सह्याद्रीपाशी संपतो. घाटमाथ्याच्या पूर्वेला पांढरा कागद. जणू समुद्राचा इतिहास भरतीच्या रेघेबरोबर थांबतो! मग कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ च्या उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती कशी निघाली? आजही ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. आमच्या शाळेची सहल नेली होती तेव्हा पोरं त्या काचेपाशी अडून बसली, एवढासा देव, हातात मावेल असा, समुद्र सोडून इथे काय करतोय म्हणून. उत्तर सोपं आहे. बंदरावर माल उतरला की तो बैलाच्या पाठीवर चढतो. खुद्द बेळगावात वडगाव-माधवपूरला सातवाहनांच्या काळातलं शहर निघालं, ते काय एकटंच रानात बसलं होतं? राम घाटाने, चोर्ल्याने मीठ आणि सुकी मासळी वर यायची, तांदूळ आणि गूळ खाली जायचा. बेळगावात आजही वेंगुर्ला रोड म्हणतात, तो काय हौसेने? आबांनी दाखवलेली वाट हीच होती. वाट सोडून बंदराचा अभ्यास करणं म्हणजे उंबरठा मोजून घर बघितलं म्हणण्यासारखं आहे.

गोव्याच्या कदंब राजघराण्याचं तर लेखात नाव आहे, पण हलशी नाही. गोपकपट्टणात ज्यांची गलबतं लागायची, त्यांची दुसरी राजधानी आमच्या तालुक्यातली हलशी. त्यांचाच १०५९ चा पणजीचा ताम्रपट लेखकाने वाचला असणार. राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाला निघाला, वाटेत डोलकाठी मोडली, आणि मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्याने त्याला मदत करून गोपकपट्टणाला आणलं, ही हकिकत त्यात आहे. राजाला मदत करणारा परका, परधर्माचा, पण त्याचं नाव तांब्यावर कोरून ठेवलं. साडेनऊशे वर्षांनी आपण ते वाचतो ते त्यामुळेच. राजाला जे सुचलं ते जीपमधून आलेल्यांना आणि आपल्या लेखकाला का सुचू नये?

आणखी एक. गोव्याच्या समुद्रात सुंचीच्या खडकाजवळ बुडालेल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाबद्दल लेखात चांगला मजकूर आहे. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात. दात आफ्रिकेतून आले हे लेखक सांगतात. पण पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसंही आणली, गुलाम म्हणून, आणि त्यांतले कितीतरी जण गोव्यातून निसटून घाट चढून आमच्या रानात आले. खानापूर, हल्याळ, यल्लापूरचे सिद्दी ते हेच. इतिहासाच्या तासाला एकदा मी वास्को द गामा शिकवत होते. तिसऱ्या बाकावरच्या सिद्दी मुलीने हात वर केला. “बाई, आमी कुठल्या जाजातनं आलो?” वर्ग हसला. मला उत्तर देता आलं नाही, पुस्तकात नव्हतं. त्या मुलीला आता स्वतःची मुलं असतील. पाणघोड्याच्या दाताला पानात जागा आहे, तिच्या प्रश्नाला अजून नाही. समुद्राखालचं जे आहे त्यासाठी बोटी, पाणबुडे, यंत्रं लागतात, मान्य. सिद्दींच्या वाडीवर जायला एसटी जाते. म्हाताऱ्या माणसांपाशी बसून त्यांच्या आठवणी लिहून घेणं हेसुद्धा दर्यावर्दी पुरातत्त्वाचंच काम आहे, आणि ते काम थांबत नाही, कारण म्हातारी माणसं थांबत नाहीत.

लिहायला घेतलंच आहे तर पुरवणीबद्दलही लिहिते. गेले तीन रविवार आमच्या भागात पुरवणी सोमवारी येते. सीमाभागात मराठी वाचायला आम्ही काय काय सोसून वर्गणी चालू ठेवलीय हे आपल्याला सांगायला नको. निदान अंक पूर्ण द्या.

आणि पान चारवरचा फोटो. खाली ‘हलशीचे प्राचीन मंदिर’ असं छापलंय. ते हलशी नाही. ते कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायणाचं देऊळ आहे, कदंबांच्या कमलादेवी राणीने बांधवलेलं. एका ओळीत तीन गाभारे आणि पुढे तो लांबलचक खांबांचा मंडप. हलशीच्या भूवराह नरसिंहाचे गाभारे समोरासमोर आहेत. आमच्या तालुक्यातलं चौथीतलं पोरही हे सांगेल. लेखात हलशीचं नाव नाही आणि फोटोत आहे ते चुकीचं, यावरून नकाशा कुणी कसा काढला असेल ते कळतं.

माझी मागणी मोठी नाही. फोटोची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात यावी. आपल्या लेखकांनी यापुढे कुणी काही दाखवलं तर त्याचं नाव, गाव आणि तो काय म्हणाला ते लिहावं, आणि छापून झालं की एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. वाचता येत नसेल तर घरातलं कुणीतरी वाचून दाखवील. आमच्या घरात मी होते.

आबांचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात नकोय मला. ज्या अहवालात ‘एक अशिक्षित गुराखी’ छापलंय, त्या ओळीत हवंय. त्या कचेरीला मी तीन पत्रं पाठवली, पोच एकाचीही नाही. चौथं याच पत्राबरोबर आज टपालात टाकते आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव