मीठ 'चवीनुसार' नको, मापात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी कितीतरी वर्षं कापून ठेवत आले आहे. तेल दोन पळ्या, डाळीचं पीठ एक वाटी, हळद पाव चमचा, असं सगळं त्यात मोजून दिलेलं असतं. मिठापाशी आलं की मात्र 'चवीनुसार'. हा एक शब्द बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मिरजेत डबे देते. आमच्याकडे दवाखाने पुष्कळ, थेट कर्नाटकातल्या गावांतूनही पेशंट येतात. त्यांच्या नातेवाइकांना आणि बऱ्याचदा पेशंटलाही माझ्याकडचा डबा जातो. रोजचे चाळीस डबे, दोन्ही वेळचे. त्यात चिठ्ठी येते, 'एक डबा अळणी'. अळणी म्हणजे नेमकं किती, हे मी आजवर अंदाजानेच ठरवत आले होते.

मोजायला लागले ते घरातच ठेच लागल्यावर. माझ्या मिस्टरांना बीपी होतंच, दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मी त्यांची भाजी-आमटी आधी बाजूला काढून मग बाकीच्यात मीठ घालू लागले. तरी सूज हटेना. शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीने त्यांना समोर बसवून सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते विचारलं. सकाळी चहाबरोबर खारी, जेवताना उडदाचा पापड आणि लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी, संध्याकाळी वाटीभर भडंग. आणि रात्री पोट जड वाटलं की पाण्यात टाकून प्यायची ती फसफसणारी पित्ताची पुडी.

त्या पुडीवर ती मुलगी थांबली. तिने सांगितलं, त्यात खायच्या सोड्याची जात असते आणि सोड्यात सोडियम असतं. एका पुडीत साधारण दोन ग्रॅम मिठात असतं तेवढं. जिभेला खारट लागत नाही, म्हणून आम्ही ती कधी हिशेबात धरलीच नव्हती. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियम. चुरमुरे करतानाच तांदळाला मिठाचं पाणी लावलेलं असतं, त्यामुळे भडंगाला मी वरून मीठ नाही लावलं तरी ते खारंच. माझा सगळा जन्म या भागात गेला, घमेली भरभरून भडंग केलं, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुडी बंद झाली, पापड-भडंग आटोक्यात आलं आणि गोळी तीच असताना सूज उतरत गेली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. चहाचा एक चमचा, सपाट भरलेला, तोही जरा उणाच. लोणचं, पापड, पाव, फरसाण सगळं त्यातच आलं.

त्या रात्री मी किराण्याची वही काढली. महिन्याला १० किलो मीठ लागत होतं. चाळीस डबे, तीस दिवस. माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर. लोणचं-पापड वेगळं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या लोकांना मी हे खाऊ घालत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

मग चहाचा चमचा आणि छोटा वजनकाटा घेऊन बसले. कणकेतलं मीठ पहिल्यांदा बंद केलं. भाकरीत आपण कुठे घालतो? भातातलंही बंद. आमटी-भाजीतलं दर आठवड्याला थोडं थोडं उतरवलं, कारण एकदम काढलं असतं तर डबे भरलेलेच परत आले असते. आमसूल, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओलं खोबरं यांनी बरंच निभावतं. जिभेलाही सवय लागते. तीन महिन्यांत १० किलोचं ६ किलोवर आलं, म्हणजे माणशी ५ ग्रॅम. लोक बाहेर नाश्ता करतात तो यात नाही, म्हणून अजून खाली आणायचं आहे.

माझ्या सासूबाई गौरी-गणपतीला पंचवीस पानांचा स्वयंपाक करायच्या. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, तरी त्यांची आमटी कधी खारट झाली नाही की अळणी झाली नाही. त्यांचं माप बोटांत होतं, आणि ते खडे मिठाचं होतं. आता घरोघरी बारीक मीठ आलं, आणि त्याच चमच्यात बारीक मीठ जास्त मावतं. बोटांतलं माप सुनांकडे आलं नाही. ते आता कागदावर तरी यायला हवं.

लोक मला सैंधवाबद्दल विचारतात. उपासाला चालतं म्हणून बीपीला चालतं असं नाही, तेही जवळपास सगळं सोडियमचंच मीठ. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. एका किडनीच्या पेशंटचा मुलगा ते घेऊन आला होता, मी आधी डॉक्टरांना विचारून घ्यायला लावलं, त्यांनी साफ नाही म्हटलं. आणि कुणी घाबरून मीठ पार सोडू नये. आमच्या शेजारच्या आजींनी लघवीची गोळी चालू असताना असंच मनाने सोडलं, खाणंही अगदी कमी केलं. रक्तातलं सोडियम उतरलं, माणसं ओळखेनात, दवाखान्यात ठेवावं लागलं.

पाकिटांवर सोडियमचा आकडा असतो, पण बारीक इंग्रजी अक्षरांत आणि मिलिग्रॅममध्ये. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, हे किती जणांना ठाऊक आहे? तो आकडा मराठीत, मिठाच्या चमच्यांत छापला जावा यासाठी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावं. तोवर वाचकांनी एक करावं: मिठाचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावी. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ निदान ५० दिवस तरी पुरलं पाहिजे.

आणि पाककृतीच्या पानावर माप द्यावं. चार माणसांच्या तुरीच्या आमटीला मी पाऊण चहाचा चमचा बारीक मीठ आणि तीन आमसुलं घालते. अशी वीसेक पदार्थांची मापं वहीत लिहून ठेवली आहेत. आपण छापणार असाल तर उतरवून पाठवते.

आपली नियमित वाचक,
मिरज