ओळखीच्या गल्लीतली भीती

संपादक महोदय,

एक खुनी एकेकाला गाठून मारतो, अशा भयपटांना स्लॅशर चित्रपट म्हणतात. ते म्हणजे नुसती सुरी आणि रक्त, असं म्हणून बाजूला सारले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतली गावं कुणी नीट पाहतच नाही.

जॉन कारपेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोविन’ घ्या. त्यातलं इलिनॉयमधलं हॅडनफिल्ड काल्पनिक आहे, पण नाव खऱ्या गावाचं. सहलेखिका डेब्रा हिल यांचा जन्म न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्डचा. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, तेही वसंत ऋतूत. कथा तर पानगळीच्या दिवसांतली; मग ती पानगळ आणायची कुठून? पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की गोळा करून पुन्हा वापरायची. तुटपुंज्या पैशांत एवढा खटाटोप कशासाठी, तर ती गल्ली आपल्या ओळखीची वाटावी म्हणून!

१९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्येही तळ्याकाठच्या शिबिराआधी गाव भेटतं. तिथल्या लोकांना शिबिराबद्दल सगळं ठाऊक असतं आणि ते बाहेरून आलेल्या मुलीला सावधही करतात. तरी माझ्या मते ‘हॅलोविन’ची सर त्याला नाही.

कारण ‘हॅलोविन’ची नायिका लॉरी हिचा तो प्रसंग. जीव वाचवायला ती शेजाऱ्यांचं दार बडवते, आक्रोश करते. दिवा लागतो, खिडकीतून कुणीतरी पाहतं आणि दिवा मालवतं. मुखवट्यातल्या खुन्यापेक्षा मला त्या मालवलेल्या दिव्यानं अधिक हादरवलं. मोठ्या शहरात हे घडलं असतं, तर इतकं लागलं नसतं.

– एक वाचक, सातारा