न दिलेल्या किल्लीबद्दल

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये हात काळे करून गेलेली माझ्यासारखी मुले आज गावोगावी पांगली आहेत आणि त्यांच्याही मनातले काही यात असेल असे मला वाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला बारीक अक्षर वाचवत नाही, हे ठाऊक आहे. तुमचा भाचा हे तुम्हाला सावकाश वाचून दाखवील. तुम्ही मला पुष्कळ काही दिलेत आणि त्या सगळ्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे; पण आज आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुम्ही मला न दिलेल्या एका किल्लीबद्दल.

२००३ सालच्या जुलैत वडिलांची येझदी रोडकिंग घेऊन मी करूळ घाट उतरलो होतो. परत येताना, अर्ध्याहून अधिक घाट चढून झाल्यावर, इंजिनचा आवाज आधी जड झाला आणि मग मागचे चाक एकाएकी अडले. पिस्टन जाम झाला होता. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच जगावे लागते आणि वैभववाडीत पेट्रोल भरताना ते मिसळायचे मी विसरलो होतो, हे मला तेव्हा उमगलेसुद्धा नव्हते. दुधाच्या टेम्पोत गाडी टाकून कोल्हापुरात आणली. ज्या पहिल्या गॅरेजमध्ये नेली तिथे तिच्याकडे न बघताच ती भंगारात घालण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी ती ढकलत मी तुमच्या दारात आलो. तुम्ही तिच्यावर पडलेला पाऊस फडक्याने पुसलात आणि मला बाकड्यावर बसवून चहा मागवलात.

बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडे, काढल्यावर तुम्ही पिस्टन माझ्या हातात ठेवला आणि म्हणालात, “नख फिरव.” ॲल्युमिनियमवर उभे ओरखडे पडले होते, नख वरून खाली नेताना ते प्रत्येक ओरखड्यात किंचित अडखळत होते. “ह्यो ओरखडा कुठनं आला त्ये कळल्याबिगार नवा पिस्टन बसवायचा न्हाई,” असे म्हणून तुम्ही मला पूर्ण तासभर ऑइलचा पातळ थर, उष्णतेने फुगणारा पिस्टन आणि त्याच्या व बोअरच्या मधली केसाएवढी फट यांविषयी सांगितलेत. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मला हे सगळे पुस्तकातून शिकवून झाले होते. समजले मात्र त्या दिवशी. बोअर मारून, म्हणजे आतून कातून किंचित रुंद करून, आणि त्याच्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवून गाडी आठ दिवसांत तयार झाली. त्यानंतरची दोन वर्षे मी दर रविवारी तुमच्याकडे येत राहिलो.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एका गिऱ्हाइकाची राजदूत ३५० उभी असायची. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून फरीदाबादला बनवलेली ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि ते दशक संपता संपता बंद झाली, इतकी माहिती मला मासिकांमधून होती. तिच्या पोटातले काम मला तुम्ही दाखवलेत. कार्ब्युरेटरच्या मागची रीड व्हॉल्व्हची पेटी उघडून तिच्या पोलादी पात्या तुम्ही उजेडात धरल्यात आणि तोंडाने हवा ओढून त्या कशा उचलतात व श्वास थांबवताच कशा मिटतात ते करून दाखवलेत. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, ओढ निर्माण झाली की पात्या उघडतात, दाब आला की आपोआप बसतात आणि त्यामुळे आत घेतलेले मिश्रण मागे फिरत नाही. एवढ्याशा पातळ पत्र्यावर ३४७ सीसीच्या दोन सिलिंडरांचा सगळा दम उभा आहे, हे बघून मी अवाक झालो होतो. बुलेट ३५० अठरा अश्वशक्तीची असण्याच्या त्या काळात या गाडीचे सुरुवातीचे मॉडेल तीस अश्वशक्तीच्या पुढे होते आणि तिला सहा गिअर होते.

एका रविवारी तिचे पॉइंट आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावून झाल्यावर तुम्ही ती चालू केलीत. निळसर धूर, भाजलेल्या ऑइलचा वास आणि दोन्ही सायलेन्सरांमधून एकदम चढत जाणारा तो टणत्कार मला अजूनही आठवतो. मी तुमच्याकडे किल्ली मागितली. फक्त कळे गावापर्यंत जाऊन येतो, म्हणालो. तुम्ही गाडी बंद केलीत, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकलीत आणि माझा हात धरून मला पुढच्या चाकापाशी बसवलेत. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे त्या जागी त्याच्याहून कमजोर ड्रम ब्रेक आला, हे तुम्ही मला बोटाने दाखवलेत आणि म्हणालात, “हिला पळवायला कुनीबी पळवंल. थांबवायची कशी त्ये आधी शीक. जी गाडी खोलून परत बसवता येत न्हाई तिच्यावर बसायचं न्हाई.”

त्या दिवशी मी रागावून घरी गेलो, हे तुमच्या लक्षात आले असणारच. पुढच्याच महिन्यात भुईबावडा घाटाच्या ओल्या वळणावर मी येझदीचा मागचा ब्रेक घाबरून दाबला, चाक लॉक झाले आणि गाडीसकट दगडी कठड्यापर्यंत घसरत गेलो. कोपर सोलवटण्यावर आणि फूटरेस्ट वाकण्यावर निभावले. त्या जागी, त्या वेगाच्या दुपटीने, राजदूत ३५० असती तर काय झाले असते, याचा विचार मी कठड्याला टेकून पावसात बसलो असतानाच केला होता आणि तेव्हापासून आजवर अनेकदा केला आहे. माझ्या आईने मला सुखरूप पाहिले ते तुमच्या नकारामुळे, असे मी मनापासून मानतो.

तुमच्या त्या अटीने माझे दुसरेही एक भले केले. ज्या मोटरसायकली आयुष्यात एकदा तरी चालवायच्या आहेत त्यांची यादी मी शाळेपासून वहीत लिहीत होतो, आणि ती यादी म्हणजे नुसती नावे आणि वेगाचे आकडे होते. तुमच्याकडून परतल्यावर मी प्रत्येक नावासमोर ती गाडी खोलायची कशी, ते लिहायला लागलो. त्या वहीतली सर्वांत जास्त पाने व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोने भरली आहेत. इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज गावात १९४८ ते १९५५ या काळात फिलिप व्हिन्सेंट यांच्या कारखान्यात बनलेली ही ९९८ सीसीची व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेली गाडी, आहे आणि तिची रचना त्यांनी फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याबरोबर केली. इतर गाड्यांना असते तशी खालून वेढणारी नळ्यांची चेसी तिला नाहीच. वर एक पत्र्याची पेटी आहे, तीच ऑइलची टाकी आहे आणि तीच पाठीचा कणा आहे. तिच्याखाली इंजिन लटकते, आणि मागचा झुलता भाग थेट गिअरबॉक्सच्या पाठीमागे जोडलेला असतो. म्हणजे इंजिन हाच गाडीचा सांगाडा. हे मी तुम्हाला कागदावर काढून दाखवले, तेव्हा तुम्ही पेन्सिल घेऊन मागच्या चाकाभोवती गोल केलात आणि ते काढायचे कसे, ते विचारलेत. मला तेव्हा सांगता आले नव्हते. ते सांगायचे राहून गेले आहे, काका, म्हणून इथे लिहितो: पाना लागत नाही, आसाला आडवी दांडी असते, ती हाताने फिरवायची, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चक्र, बसवता येत असल्याने चाक उलटे बसवले की गिअरिंग बदलते. पुढे दोन आणि मागे दोन असे चार ड्रम ब्रेक तिला आहेत. ताशी २०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा विचार करताना त्या माणसांनी थांबण्याचाही तेवढाच विचार केला होता, हे तुम्हाला नक्की आवडेल. याच जातीच्या एका खास तयार केलेल्या गाडीवर रोली फ्री हा अमेरिकन स्वार १९४८ साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर फक्त पोहण्याची चड्डी घालून, पाय मागे ताणून पालथा झोपला आणि ताशी १५० मैलांच्या पुढे गेला.

वहीत १९६९ ची होंडा सीबी ७५० आहे. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि बटणावर चालू होणारे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा गाडीत तिने आणले आणि आडव्या दुभंगणाऱ्या क्रँककेसमुळे तिच्याखाली ऑइलचे डाग पडत नसत. तुम्ही ज्या ब्रिटिश गाड्यांची गॅस्केटे आयुष्यभर बदललीत त्यांच्यानंतर हे किती मोठे सुख वाटले असेल! मासिमो तांबुरिनी यांची १९९४ ची ड्युकाटी ९१६ देखील आहे. तिच्यात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी वेगळा रॉकर असतो, त्यामुळे इंजिन कितीही फिरले तरी व्हॉल्व्ह मागे रेंगाळत नाही. तिचे ॲडजस्टमेंट करायला मी घाबरतो, हे प्रांजळपणे सांगतो.

शेवटचे नाव ब्रिटन व्ही १००० चे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटन यांनी मोजक्या मित्रांना हाताशी धरून ती जवळजवळ सगळी आपल्या हातांनी घडवली, कार्बन फायबरची चाकेसुद्धा. अशा फक्त दहा गाड्या झाल्या आणि १९९५ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ब्रिटन गेले. तिचा फोटो मी तुम्हाला दाखवला तो दिवस आठवतो का? तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, फोटो नाकाजवळ नेऊन बराच वेळ पाहिलात आणि विचारलेत, “रेडिएटर कुठं हाय ह्येचा?” बाकी सगळे लोक तिच्या गुलाबी-निळ्या रंगाविषयी बोलतात. रेडिएटर सीटच्या खाली आहे आणि त्याला हवा पुढून वाहिनीतून नेली आहे, हे सांगितल्यावर तुम्ही शेजारच्या फाउंड्रीवाल्यांना हाक मारून बोलावलेत आणि तो फोटो त्यांनाही दाखवलात. उद्यमनगरात बसून ओतकाम आणि लेथ यांवर हयात घालवलेल्या दोन माणसांनी दुसऱ्या टोकाच्या देशातल्या एका माणसाचे काम लगेच ओळखले, हे मी डोळ्यांनी पाहिले. ती गाडी मला चालवायला मिळणार नाही, हे मला कळते. तिचे नाव मी वहीतून खोडलेले नाही.

यांपैकी एकही गाडी मी अजून चालवलेली नाही. कोपऱ्यातली राजदूत गिऱ्हाइकाने विकली आणि ती कोणत्या गावाला गेली ते तुम्हालाही कळले नाही. मात्र गेल्या वर्षी पुण्यातल्या माझ्या एका मित्राकडे त्याच्या काकांची १९८५ ची राजदूत ३५० आली, जाम झालेल्या इंजिनासह. ती मी माझ्या पार्किंगमध्ये आणली. नाना पेठेत चकरा मारून सामान जमवले, क्रँक काढून नवे सील बसवले, दोन्ही बोअर मारले आणि प्लगच्या भोकातून पिस्टनची जागा मोजणारे डायल गेज लावून दोन्ही सिलिंडरांचे टायमिंग वेगवेगळे जुळवले, अगदी तुम्ही करत होतात तसेच. रीडच्या पात्या बसवण्याआधी त्या उजेडात धरून मी तोंडाने हवा ओढून पाहिली. फेब्रुवारीत दुसऱ्या किकला ती चालू झाली. मित्राने किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती टेम्पोत घालून उद्यमनगरात आणतो आहे. आता तुमचे हात पान्यावर स्थिर राहत नाहीत, तेव्हा काम सगळे मी करीन. तुम्ही बाकड्यावर बसून फक्त पाहायचे आणि किल्ली द्यायची की नाही ते ठरवायचे. पुढचा ड्रम तेवढा एकदा तुमच्या हाताने फिरवून बघावा. लायनर नवे आहेत, पण लिव्हर दाबताना शेवटच्या टप्प्यात केबलची ओढ मला अजून मनासारखी लागत नाही.

तुमचा,
करूळ घाटातला येझदीवाला